पाल्मिनाच्या शिळेवरचा मऊ च

सुत्रोक गावच्या दफनभूमीतली एकूण एक अक्षरं येर्को मिस्तरीच्या हातची. त्याच्या आधीचे पाथरवट होते, पण त्यांची अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं कधीच पुसून नेली. येर्कोची टिकली, कारण तो टाकी खोल घालायचा आणि तिरकी घालायचा. सकाळच्या उन्हात अक्षराची एक कड उजळायची, दुसरी काळी पडायची. बावन्न वर्षं त्यानं हेच केलं. ब्राच बेटावर कोणी मेलं की घरचे आधी पाद्र्याकडे जात आणि मग येर्कोच्या अंगणात.

दोब्रिला त्याची एकुलती एक मुलगी. ती दगडाच्या वाटेला गेली नाही. स्प्लिट शहरात जाऊन वेबसाइट बनवायला शिकली, तिथल्याच एका लहानशा कंपनीत चार वर्षं राबली. स्वभावानं कमी बोलणारी, कामाला चोख, आणि मनात एकदा काही रुतलं की ते काढून टाकणं तिला जमत नसे. शाळेत एका मुलीनं तिची वही लपवली होती, त्या मुलीच्या लग्नाला ती गेली नाही. वीस वर्षांनंतर.

व्येरान कश्तेलान तिला त्या कंपनीत भेटला. शेजारच्याच टेबलावर बसायचा. हसरा, गप्पिष्ट, कुणालाही दहा मिनिटांत आपलंसं करणारा. फॉन्टचं त्याला वेड होतं. रस्त्यानं चालताना दुकानाच्या पाट्यांपुढे थांबायचा आणि म्हणायचा, "हा आर बघ, पोट सुटलंय बिचाऱ्याचं." दोब्रिलाला हसू यायचं. एका ईस्टरला तिनंच त्याला घरी जेवायला नेलं. पुढे कितीतरी वर्षं तिला ह्याच गोष्टीचा स्वतःवर सगळ्यांत जास्त राग येत राहिला. दार तिनं उघडलं होतं.

त्याच वर्षी जानेवारीत तिची आई, पाल्मिना, गेली होती. शिळा येर्कोनंच कोरली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मार्टिनिच ह्या आडनावाच्या शेवटचा मऊ च, म्हणजे डोक्यावर तिरकी काडी असलेला सी, तो कोरताना त्याची टाकी निसटली आणि काडीच्या टोकाला एक बारीक कपचा उडाला. बावन्न वर्षांत आडनावांच्या शेवटचे हजारो 'इच' कोरले होते त्या माणसानं, डोळे मिटून कोरले असते. दोब्रिला म्हणाली, "बाबा, भरून काढता येईल." येर्को म्हणाला, "राहू दे. तिला कळेल, का निसटली ते."

ईस्टरच्या त्या दुपारी व्येराननं कोकराचं मटण दोनदा मागून घेतलं, मिस्तरीची वाइन प्याला आणि दफनभूमी बघायला गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. पुढचे तीन उन्हाळे तो येत राहिला. शिळेवर पातळ कागद धरायचा आणि शिसं घासून अक्षरांचे ठसे घ्यायचा. शिळांवरची छोटी चिन्हंही घ्यायचा. खलाशाच्या शिळेवर नांगर, द्राक्षमळेवाल्याच्या शिळेवर घोस, दाईच्या शिळेवर दिवा. येर्कोनं त्याला टाकी कशी धरायची ते शिकवलं. अक्षर किती रुंद झालं की बावळट दिसतं, ते शिकवलं. "पोरगा ऐकतो," असं तो दोब्रिलाला म्हणायचा, आणि तिला बरं वाटायचं.

मग येर्कोच्या गुडघ्यांनी दगा दिला. दोब्रिला नोकरी सोडून बेटावर परत आली आणि घरूनच पाहुण्यांच्या खोल्या, ऑलिव्ह तेलवाले, होड्या भाड्यानं देणारे, अशा लोकांच्या वेबसाइट बनवू लागली. व्येराननं स्प्लिटमध्ये स्वतःची कंपनी काढली. त्याचं येणं थांबलं. फोन करायचा, मग तोही बंद झाला.

दीड वर्षानं तिनं ती बातमी वाचली. 'क्लेसर' नावाचा नवा फॉन्ट, म्हणजे पाथरवट, आणि त्याच्याबरोबर साठ आयकॉनचा संच. राजधानीत, झाग्रेबला, त्याला मोठं बक्षीस मिळालं होतं. खाली व्येरानचा फोटो, काळ्या शर्टात, हाताची घडी. आणि त्याखाली त्याचं वाक्य: 'दाल्मात्सियाच्या अज्ञात पाथरवटांना अर्पण.'

दोब्रिलानं ते वाक्य तीनदा वाचलं. बाहेर अंगणात तो अज्ञात पाथरवट लिंबाच्या झाडाखाली बसून वाटाणे सोलत होता.

तिनं लगेच फोन लावला.

"दोब्रिला! किती दिवसांनी!"

"अज्ञात?"

"अगं, ते असंच लिहावं लागतं. एकट्या माणसाची गोष्ट नाहीये ती, परंपरेची आहे. मिस्तरीनंही ती कुणाकडून तरी घेतलीच की."

"तू तीन उन्हाळे आमच्या घरी जेवलास."

"आणि त्याबद्दल मी आभारीच आहे. हे बघ, वकिलाला विचार हवं तर. अक्षरं कुणाच्या बापाची नसतात."

"ही माझ्या बापाची आहेत," दोब्रिला म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वकिलाला तिनं विचारलं. वकील बाई भली होती, पण तिनं स्पष्ट सांगितलं की अक्षराच्या आकारावर हक्क सांगणं जवळजवळ अशक्य आहे. फॉन्टची फाइल ज्यानं बनवली तिच्यावर त्याचा हक्क. दगडाची फाइल नसते. "तुमच्या वडिलांनी कुठे सही केलीय का?" बाईनं विचारलं. थडग्यावर कोण सही करतं?

त्यानंतर क्लेसर तिला जागोजागी दिसू लागला. वाइनवाल्यांच्या पानावर, हॉटेलांच्या, एका ऑपेरा महोत्सवाच्या. आणि शेवटी झाक्लोन नावाच्या विमा कंपनीनं आपली सगळी वेबसाइट त्यात नव्यानं घडवली, मथळ्यांपासून बटनांपर्यंत. वर मोठ्या अक्षरांत त्यांचं ब्रीद: 'शांत झोपा, आम्ही आहोत.'

दोब्रिलानं ते पान उघडलं आणि सवयीनं अक्षरं मोठी करून पाहायला लागली. दुप्पट, दसपट, तीसपट. मऊ च वर येऊन तिचा हात थांबला. काडीच्या टोकाला एक बारीक खाच होती.

ती उठली, तशीच चपला अडकवून दफनभूमीत गेली आणि आईच्या शिळेवर बोट फिरवलं. तीच खाच. व्येराननं सगळ्यांत नवी, सगळ्यांत स्वच्छ शिळा निवडली होती आणि बाबांचा निसटलेला हातसुद्धा इमानेइतबारे उतरवून घेतला होता. ती खाच त्याला दगडाची गंमत वाटली असणार. आता देशभरात जिथे जिथे क्लेसरमध्ये कुणाचं आडनाव लिहिलं जात होतं, तिथे तिथे तिच्या बापाचं रडू छापलं जात होतं. दावा नामंजूर, अमुकइच. हप्ता भरा, तमुकइच.

तिला रडू आलं नाही. तिला कामाला लागावंसं वाटलं.

तिनं दफनभूमीतल्या एकेचाळीस शिळांचे फोटो काढले, सकाळच्या त्याच उन्हात. प्रत्येक अक्षराची कडा तिनं दगडावरूनच नव्यानं रेखली, व्येरानच्या फाइलला बोटही लावलं नाही. मग आपलं अक्षर त्याच्या अक्षरावर ठेवून पाहिलं. तळव्यावर तळवा ठेवावा तसं जुळलं. 'आ' शिपाई आन्तेच्या शिळेवरून. 'म' दाई मात्तेआच्या. आकडे तर सगळेच्या सगळे एकाच घराण्याचे, साथीत गेलेल्या पाच भावंडांचे.

पण मेलेल्यांची नावं वापरायची तर जिवंतांना विचारायला हवं होतं. ती घरोघर गेली. पहिली मांदाकडे, जिला सगळं गाव तेता म्हणजे मावशी म्हणे. तेता मांदाचा नवरा शिमे समुद्रात गेला होता, पेटीत नुसते कपडे घालून पुरलं होतं. म्हणून येर्कोनं त्याच्या शिळेवर एक हात तुटलेला नांगर कोरला होता.

दोब्रिलानं तिला झाक्लोनचं पान दाखवलं. तेता मांदानं चष्मा पुसला, परत लावला.

"हा आमचा नांगर."

"हो तेता."

"आणि ह्याच्यावर बोट दाबलं की काय होतं?"

"प्रवासाचा विमा उघडतो."

"चाळीस वर्षं मी त्याच्यासमोर मेणबत्ती लावतेय," ती म्हणाली, "मला कधी काही उघडलं नाही." मग फोन परत देत म्हणाली, "काय करायचंय ते कर. पण असं कर की त्या व्येरानच्या आईनं त्याला ओळख दाखवू नये."

एकेचाळीसपैकी एकोणचाळीस शिळांना घरच्यांचा होकार मिळाला. दोघांनी नाही म्हटलं, त्या शिळा तिनं वगळल्या. बाबांना मात्र तिनं विचारलं नाही. कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला घोर, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. ते नाही म्हणतील अशी तिला भीती होती.

जे बनवलं ते दिसायला साधं होतं. पानावर एक कोरी शिळा, मागे सुरूची झाडं. खाली एक रिकामी चौकट. तिच्यात काहीही लिहा, ते तिनं रेखलेल्या त्याच अक्षरांत शिळेवर कोरलं जाई. अक्षरावर बोट ठेवलं की ते ज्याच्या थडग्यावरून आलं त्याचं नाव, जन्म, मृत्यू आणि खऱ्या दगडाचा फोटो. आयकॉनचंही तसंच. घोसावर बोट ठेवलं की द्राक्षमळेवाला यूरे. दिव्यावर ठेवलं की दाई मात्तेआ. नांगरावर शिमे, वय एकतीस, सापडला नाही. सगळ्यांत खाली एक ओळ: कोरणारा, येर्को मार्टिनिच, सुत्रोक. हयात आहे. आणि बाजूला तिनं न राहवून लिहिलं की क्लेसरमधली, शिळांवर नसलेली चार परदेशी अक्षरं तेवढी व्येरान कश्तेलान ह्यांची स्वतःची, त्यातलं क्यू हे स्टुलावर चढलेल्या बकरीसारखं दिसतं.

चौकटीत आधीपासून एक वाक्य भरून ठेवलेलं होतं. पान उघडलं की आपोआप शिळेवर उमटायचं: 'शांत झोपा, आम्ही आहोत.'

एका मंगळवारी सकाळी तिनं ते पान ओळखीच्या सहा जणांना पाठवलं. दुपारपर्यंत स्प्लिटमधल्या प्रत्येक कचेरीत ते फिरत होतं. संध्याकाळी झाग्रेबच्या एका बातमीदारानं फोन केला. लोक आपापल्या बँकेचं, हॉटेलाचं, आमदाराचं ब्रीद लिहून शिळेचे फोटो एकमेकांना पाठवत सुटले. 'तुमची वाट पाहतोय,' असं एका हॉटेलाचं. 'एकदा याल तर परत जाणार नाही,' असं दुसऱ्याचं. हसू आणि काटा दोन्ही एकदम येत होतं. आणि एकदा ती शिळा पाहिली की क्लेसर कुठेही दिसला तरी माणसाला थडगंच दिसायचं.

झाक्लोननं नवव्या दिवशी फॉन्ट बदलला. वाइनवाल्यांनी त्याच्या आधीच. महिन्याभरात बाकीचे. बक्षीस देणाऱ्यांनी एक पत्रक काढलं, त्यात खेद वगैरे होता. व्येरानचा फोन रोज यायचा, दोब्रिला तो वाजू द्यायची. वाजताना त्याचं नाव पडद्यावर दिसे, ते तिला आवडायचं. एकदा तर जेवणाच्या टेबलावर ती फोन समोर ठेवून, वाजून वाजून थांबेपर्यंत शांतपणे सूप पीत राहिली.

एक पत्र मात्र तिला अपेक्षित नव्हतं. इनेस्का नावाच्या मुलीचं. 'मी व्येरानकडे कामाला होते. ती चार अक्षरं मी काढली होती, त्याची नाहीत. हे दगड कुणाचे ते मला माहीत नव्हतं. कंपनी बंद झाली. तुम्ही ज्याला बकरी म्हणालात ते माझं पहिलं अक्षर होतं.' दोब्रिलानं बकरीचं वाक्य पानावरून काढून टाकलं. उत्तर लिहायला तीनदा बसली आणि तीनदा उठली.

येर्कोला कळलं ते बारमध्ये. कुणीतरी त्याला वाइन पाजली, पाठीवर थाप मारली. तो काठी टेकत घरी आला आणि म्हणाला, "दाखव."

तिनं दाखवलं. त्यानं सगळं नीट पाहिलं, एकेक अक्षर. पाल्मिनाच्या शिळेच्या फोटोवर थांबला. पुढे गेला. शेवटी आपलं नाव वाचलं.

"होडीचं वेळापत्रकपण बदललं म्हणे," तो म्हणाला.

"कुठलं वेळापत्रक?"

"बंदरावरची ती छोटी होडी. तिची वेबसाइट. बारमधला पोर्‍या मला रोज सकाळी फोनवर उघडून द्यायचा. सहा चाळीसला सुटते, सव्वासातला पोचते. माझ्या अक्षरात होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझं अक्षर मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? बाबा, त्यानं तुम्हाला अज्ञात म्हटलं!"

"ते त्यानं वाईट केलं," येर्को म्हणाला. "समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. आणि मग जेवायला बसवलं असतं." तो खुर्चीत जरा सरकला, गुडघा चोळला. "बावन्न वर्षं मी मेलेल्यांची नावं लिहिली, पोरी. ती वाचायला येणारा माणूस रडत येतो. आणि इथे होडी कधी सुटते ते माझ्या अक्षरात लिहिलं होतं. पोरंटोरं वाचायची. घाईत वाचायची."

"ते पान काढू?"

"आता काढून काय? आता सगळे त्याला मयताचं अक्षर म्हणतात."

तो रागावला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. महिनाभर दोघं जेवताना हवेबद्दल बोलत. पण तिनं पान काढलं नाही. रात्री अंथरुणात स्वतःला विचारलं तरी उत्तर तेच यायचं, पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा हेच करीन.

नोव्हेंबरात व्येरान आला. होडीतून उतरताना तिनंच पाहिला, ती धक्क्यावर टपालानं आलेलं खोकं घ्यायला गेली होती. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. हातात कागदाची मोठी गुंडाळी.

"ठसे परत आणलेत," तो म्हणाला. "सगळे. आणि फॉन्टवर मिस्तरींचं नाव घातलंय, पहिल्या ओळीत. मला फक्त त्यांना भेटू दे."

"ते झोपलेत."

"मी थांबतो."

"ते झोपलेलेच राहतील."

"दोब्रिला, माझ्याकडे आता काही उरलं नाहीये. मी काही मागायला नाही आलो. दोन मिनिटं, माफी मागतो आणि जातो. हवं तर तू समोर उभी राहा."

त्याला काय मिळालं असतं हे तिला नेमकं ठाऊक होतं. दोन थोबाडीत आणि मग ताट. ते ताटच तिला त्याला द्यायचं नव्हतं.

"होडी परत जायला वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली.

तिनं गुंडाळी घेतली नाही. पाऊस भुरभुरत होता तरी वीस मिनिटं ती धक्क्यावर त्याच्यासमोर उभी राहिली, पहाऱ्यावर असल्यासारखी, आणि होडी वळसा घालून टोकाआड जाईपर्यंत हलली नाही. घरी आली तेव्हा येर्को चुलीजवळ जागाच बसला होता. "कोण आलं होतं होडीनं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," दोब्रिला म्हणाली.

फेब्रुवारीत येर्को गेला. तीन दिवसांच्या तापात. शेवटच्या दिवशी त्यानं एकदा विचारलं की तो पोरगा कुठे असतो आता. तिला वाटलं सांगावं. तोंड उघडलंही. पण तो तोवर परत झोपला होता.

मग शिळेचा प्रश्न आला. येर्कोचं अक्षर कोरणारा दुसरा हात बेटावर नव्हता. यंत्रानं कोरून घेता आलं असतं, पण त्याला अक्षरांची पूर्ण, घासूनपुसून तयार केलेली फाइल लागते. तिच्याकडे होती ती पानापुरती, कच्ची. नीट फाइल जगात एकाच माणसाकडे होती. अंत्यविधीनंतर आठव्या दिवशी ती आपणहून ईमेलनं आली. पत्रात एक अक्षर नाही, फक्त फाइल जोडलेली. तिच्या नावात आता 'येर्को' होतं.

दोब्रिला तिच्याकडे सकाळपासून जेवणापर्यंत बघत बसली. मग पुसून टाकली. कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली.

शिळा कोरली बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या एका पाथरवटानं. भला माणूस, पण अक्षरं जाडी, बसकी, उथळ. तेता मांदा बघून म्हणाली, "येर्कोनं ही बघितली असती तर थडग्यातून उठून टाकी मागितली असती."

"असू दे तेता," दोब्रिला म्हणाली.

ते पान अजून आहे. ते पाहून उन्हाळ्यात लोक येतात, फोन हातात धरून शिळांमधून फिरतात, शिमेचा नांगर शोधतात, मात्तेआचा दिवा शोधतात. पाल्मिनाच्या मऊ च वर बोट फिरवतात. शेजारच्या शिळेसमोर कुणी थांबत नाही. गेल्या जूनमध्ये एका जोडप्यानं दोब्रिलाला, ती तिथे फुलं बदलत होती, विचारलं, "तो मिस्तरी, येर्को, त्यालाही इथेच पुरलंय ना?"

"हा इथे," तिनं दाखवलं.

त्या बाईनं शिळा पाहिली, फोन पाहिला, परत शिळा पाहिली. "पण ही अक्षरं तर..."

"नाहीत त्याची," दोब्रिला म्हणाली, आणि जुन्या फुलांची जुडी उचलून नळाकडे गेली.